दोन साक्षीदार

इतिहासाच्या तासाला आमचे सर नेहमी बजावतात, की बखर वाचलीत तर ती अस्सल कागदपत्रांशी ताडून पाहा. हा नियम शास्त्रालाही तितकाच लागू आहे, हे मला ओझोनच्या मोजमापाची हकीकत वाचताना पटले.

ओझोन मोजण्याच्या मुख्य रीती दोन. जमिनीवरचे डॉब्सन यंत्र सूर्याच्या दोन अतिनील तरंगलांबींची तुलना करते. त्यांतली एक ओझोन अधिक शोषतो, दुसरी कमी. उपग्रह वातावरणातून वर परतणारा अतिनील प्रकाश मोजतो. पहिल्याला डोक्यावरचे आकाश तेवढे दिसते, दुसऱ्याला जवळजवळ सारी पृथ्वी.

अंटार्क्टिकावरील हॅली या ब्रिटिश केंद्रात १९५० च्या दशकापासून अशा नोंदी होत होत्या. ऑक्टोबरमध्ये सुमारे ३०० एकक असणारा ओझोन १९८४ पर्यंत २०० च्या खाली आला. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये हे जाहीर केले. १९७८ साली सोडलेल्या निंबस-७ उपग्रहालाही घट दिसली होती. पण १८० एककांखालील आकड्यांवर संगणक 'संशयास्पद' अशी खूण करी. शास्त्रज्ञांनी ते दक्षिण ध्रुवावरील यंत्राशी ताडले, तर ते यंत्रच त्या वेळी चुकीचे, मोठे आकडे देत होते! पुढे १९८६ साली उपग्रहानेच दाखवून दिले, की ही घट एका केंद्रापुरती नसून खंडभर पसरलेली आहे.

उलट बाजूही आहे. त्याच उपग्रहावरील प्रकाश पसरवणारी चकती उन्हाने खराब होत गेली आणि ओझोनची घट प्रत्यक्षाहून अधिक भासू लागली. ही चूक जमिनीवरील यंत्रांशी तुलना केल्यामुळे उघडकीस आली.

म्हणून 'उपग्रह असताना जमिनीवरची जुनी यंत्रे हवीत कशाला?' हा प्रश्न मला घातक वाटतो. हॅलीच्या नोंदी मध्येच खर्चात काटकसर म्हणून थांबवल्या असत्या, तर इशारा मिळण्यास आणखी उशीर झाला असता. १९८७ चा मॉन्ट्रियल करार अशा इशाऱ्यांवरच उभा राहिला.

मित्रहो, दोन साक्षी जुळल्या नाहीत, की आपण आपल्याला न पटणारी साक्ष खोटी ठरवून मोकळे होतो. खरा अभ्यास तर तेथूनच सुरू होतो.