तीन मिनिटांत ‘मी’!

कवितेला गुण कोण देणार? चक्क समोर बसलेले प्रेक्षक! अमेरिकेतल्या शिकागो शहरात बांधकामावर काम केलेल्या मार्क स्मिथ यांनी १९८६ साली हा खेळ रंगवला. नाव ‘पोएट्री स्लॅम’. कविता स्वतःचीच हवी, वेळ तीन मिनिटं. वाद्यं नाहीत, वेशभूषा नाही. प्रेक्षकांतले पाच जण दहापैकी गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळायचे, उरलेल्या तिघांची बेरीज करायची. म्हणजे जास्तीत जास्त किती? करा बरं हिशेब!

आपल्याकडेही विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर गावोगावी कविता म्हणत, लोक मनापासून ऐकत.

विषय? शोधायला नकोच. घरात ‘बंड्या’, हजेरीत ‘सतरा नंबर’, रिक्षावाल्या काकांसाठी ‘तिसरा मजला’. मग खरा मी कोण?

वर्गात कुणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की खसखस पिकते आणि तो बिचारा गप्प होतो. त्यानंच आपल्या ‘न’वर झक्कास कविता केली तर? सगळे हसतील, पण त्याच्याबरोबर!

तेव्हा नियम एकच : गंमत स्वतःची करायची, दुसऱ्याची नाही. चला, घड्याळ लावा!