वास न येणारं व्यसन

पहिला पगार आठवतोय? आईला साडी, दोस्तांना पार्टी आणि उरलेल्यात नवा मोबाइल... बरोबर ना? पॉल मर्सनचा पहिला पगार होता १०० पौंड. वय सोळा, आर्सेनल क्लबमध्ये शिकाऊ फुटबॉलर. मित्राबरोबर बेटिंगच्या दुकानात शिरला (इंग्लंडमध्ये ही दुकानं कायदेशीर, अगदी गल्लोगल्ली) आणि काही मिनिटांत खिसा रिकामा! आता घरी काय सांगायचं? पठ्ठ्याने ट्रेनमध्ये स्वतःचाच चेहरा ओरबाडला. 'मला लुटलं' अशी थाप मारायला पुरावा नको? हा किस्सा पुढे त्याने स्वतःच सांगितलाय.

नोव्हेंबर १९९४ मध्ये मर्सनने जाहीरपणे कबूल केलं, की आपल्याला दारू, कोकेन आणि जुगार या तिन्हींचं व्यसन आहे. तिघांत सगळ्यात चिवट कोण निघालं, माहितीये? जुगार.

दारूचा वास येतो. कोकेन टेस्टमध्ये पकडलं जातं. जुगारी माणूस मात्र सकाळी वेळेवर प्रॅक्टिसला हजर, एकदम फिट, वर गोलही मारतो. कोच तरी काय ओळखणार, कप्पाळ! डॉक्टरांनासुद्धा हे पटायला वेळच लागला म्हणा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या मॅन्युअलमध्ये जुगाराला दारू आणि ड्रग्जच्या शेजारी नेऊन बसवलं. पोटात काहीही न जाता लागणारं व्यसन म्हणून तिथे जागा मिळवणारा तो पहिलाच.

तुम्ही म्हणाल, बक्कळ पैसा मिळतो, मग या लोकांना कसली कमी? अहो, प्रश्न पैशाचा नाहीच. हरत आलेली मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत सोडायची नाही, हे ज्याच्या अंगात लहानपणापासून भिनवलंय, त्याला 'गेले ते गेले, ऊठ आता' हे कोण सांगणार? तो हरलेले पैसे परत जिंकायलाच बसतो. त्यात ट्रेनिंग दुपारपर्यंत संपतं. पुढचा अख्खा दिवस रिकामा, हॉटेलची रूम आणि हातात मोबाइल. दुखापत झाली की तर विचारूच नका.

तेव्हा ब्रेंटफर्डचा स्ट्रायकर असलेला आयव्हन टोनी घ्या. २०२२-२३ च्या प्रीमियर लीगमध्ये २० गोल! आणि त्याच सीझनच्या शेवटी, मे २०२३ मध्ये, आठ महिन्यांची बंदी. बेटिंगचा नियम २३२ वेळा मोडल्याचं त्याने कबूल केलं होतं. बंदी खरं तर अकरा महिन्यांची होणार होती, पण मानसोपचारतज्ज्ञाने जुगाराच्या व्यसनाचं निदान केलं म्हणून तीन महिने कमी झाले. इथपर्यंत ठीक. पण पहिले चार महिने क्लबबरोबर सरावालाही मनाई! म्हणजे ज्याला रिकामी दुपार खायला उठते, त्याला सकाळही रिकामी. वा रे शिक्षा! आणि त्याच्या जर्सीवर छातीवर नाव कुणाचं होतं? एका बेटिंग कंपनीचं. क्लबांनी २०२३ मध्येच ठरवलं, की २०२५-२६ च्या सीझननंतर छातीवर अशी नावं नकोत. बाहीवर मात्र चालतील. आता बोला!

ऑक्टोबर २०२३ मध्ये सांद्रो टोनाली सापडला. २३ वर्षांचा, त्याच उन्हाळ्यात एसी मिलानहून न्यूकॅसलला आलेला. त्याने तर स्वतःच्या टीमच्या मॅचवरही पैसे लावले होते. इटलीच्या फुटबॉल संघटनेने त्याला दहा महिने मॅचबाहेर ठेवलं. शिवाय आठ महिने उपचार आणि तरुण मुलांसमोर वगैरे सोळा वेळा उभं राहून आपली गोष्ट सांगायची. पण टीमबरोबर रोजचा सराव चालू राहिला. मला हे टोनीच्या शिक्षेपेक्षा शंभर पटीने शहाणपणाचं वाटतं. इंग्लंडला आल्यावरही आपण बेटिंग करत होतो, हे पुढे त्याने स्वतःहून सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तो मैदानावर परतला आणि मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकणाऱ्या टीममध्ये होता.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा झाला आणि टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नाव गेलं. त्याआधीची गोष्ट. आयपीएलच्या दिवसांत आमच्या ऑफिसातला एक जण सारखा वॉशरूमला जायचा. आम्ही त्याच्या पोटावरून जाम खेचायचो. तो आत बसून टीम लावायचा हे कळलं, तोवर दोन क्रेडिट कार्डं संपली होती. घरी म्हणे, पगार लेट होतोय असं सांगायचा. मर्सनच्या ओरबाडलेल्या चेहऱ्याहून हे वेगळं कुठंय?

सहा महिन्यांनी कॉफी पिताना मी त्याला विचारलं, सगळ्यात वाईट काय वाटायचं रे? म्हणाला, "जिंकलेल्या दिवशीही घरी सांगता यायचं नाही."

टेलिमानस, १४४१६. सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. त्याला हा नंबर आम्ही रोज शेजारी बसून जोक मारणाऱ्यांनी नव्हता दिला. बायकोने शोधला होता.