काळी मेहंदी दिसली की हात मागे घ्या

१९ ऑगस्ट २०१२ ची रात्र मानखुर्द-गोवंडीतल्या पुष्कळ घरांना अजून आठवत असेल. दुसऱ्या दिवशी ईद होती. मुलींच्या हातावर मेहंदी काढून झाली होती आणि अचानक बातमी पसरली, की मेहंदीत विष आहे. मळमळ, खाज, चक्कर अशा तक्रारी घेऊन शेकडो बायका-मुलींनी मुंबईतली रुग्णालयं गाठली. घाटकोपरच्या राजावाडीतही मोठी गर्दी झाली. बहुतेकींना तपासून, धीर देऊन घरी पाठवण्यात आलं.

नंतर अनेकांनी त्यांची थट्टा केली. मला ती थट्टा पटत नाही. हातगाडीवरच्या ज्या कोनावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना तारीख, ना आत काय आहे त्याची यादी, तो हातावर पिळल्यावर "यात विष आहे" असं कुणी म्हटलं तर घाबरायला होणारच. भीतीनेही मळमळतं, उलटी होते. ते नाटक नसतं. माझी तक्रार वेगळी आहे. त्या रात्री सगळे घाबरले ते ताबडतोब होणाऱ्या त्रासाला. मेहंदीचा जो खरा धोका आम्हा डॉक्टरांना दिसतो, तो बहुधा दोन-तीन दिवसांनी, सण उरकल्यावर येतो. तेव्हा कुणी धावपळ करत नाही. हाताला हळद लावून घरीच बसतात.

हे समजायला मेहंदीचा रंग समजून घ्या. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते त्वचेच्या वरच्या, मृत थराला चिकटतं. म्हणूनच जाड कातडीच्या तळव्यावर ती खुलते आणि मनगटावर फिकी राहते. पाला खरवडला की आधी केशरी रंग दिसतो आणि एक-दोन दिवसांत तो गडद होत तपकिरी-लाल होतो. नुसत्या पानांनी अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग येत नाही. तसा आला, तर पानांशिवाय आणखी काहीतरी त्यात आहे.

ते काहीतरी बऱ्याचदा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन. केसांच्या काळ्या कलपात हेच वापरतात. कलपाच्या पाकिटावर निदान सावधगिरीची सूचना आणि आधी चाचणी करा असं छापावं लागतं. कोनावर तेवढंही नसतं. घरात उरलेली केसांची काळी मेहंदी हातावर लावणाऱ्याही असतात. कृपा करून हे करू नका.

पीपीडीची ॲलर्जी झाली, तर नक्षी जिथे काढली तिथेच, अगदी वेलबुट्टीच्या आकारात, खाज सुटते, लाल वळ उठतात, पाण्याचे फोड येतात. फोड बरे झाल्यावरही डाग बरेच दिवस राहतात, मुलांमध्ये तर पांढुरके डाग. पण मला डागापेक्षा पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. आठ वर्षांच्या मुलीच्या हातावर हौसेने काढलेली काळी नक्षी तिला पस्तिसाव्या वर्षी कलप लावल्यावर महागात पडू शकते. चेहरा सुजतो, डोळे उघडत नाहीत. काही कपड्यांचे गडद रंग, भूल देणारी काही मलमंही तिला चालेनाशी होतात.

"आधी थोडी लावून बघितली, काही झालं नाही," हेही मी ऐकतो. साध्या मेहंदीसाठी कोपराच्या आत ठिपका लावून दोन दिवस थांबणं चांगलंच. काळ्या मेहंदीबाबत मात्र त्यावर विसंबू नका. पहिल्या वेळी शरीर फक्त ओळख करून घेतं आणि दुसऱ्या वेळी उसळतं.

मग करायचं काय? सुकी पानं किंवा साधी पूड आणा, वस्त्रगाळ करा, लिंबूपाण्यात भिजवा, दुधाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकचा कोन घरीच वळा. हे आपल्या आज्यांना येत होतं. रंग चढावा म्हणून रॉकेल, पेट्रोल किंवा टर्पेंटाइन घालू नका. पाला सुकल्यावर पाण्याने न धुता खरवडून काढा, थोडं खोबरेल लावा, रात्रभर हात भिजवू नका. एवढ्यावर रंग चढतो. लग्नासाठी काढणारी बोलावलीत तर कोन कुणी बनवला आणि त्यात काय घातलं, हे नवरीच्या आईने विचारावं. सांगायला कां-कू केली, तर दुसरी शोधा.

तान्ह्या बाळाला मेहंदी नकोच. जी६पीडी या घटकाची कमतरता असलेल्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी साध्या मेहंदीनेही फुटू शकतात, आणि ही कमतरता बाळाला आहे की नाही हे बहुतेक घरांत माहीतच नसतं.

फोड आलेच तर हात साध्या पाण्याने धुवा, फोड फोडू नका, टूथपेस्ट-चुना-हळद काही थापू नका. मेडिकलमधून मनाने मलम आणण्याऐवजी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि उरलेला कोन फेकून न देता सोबत घेऊन या. ओठ, चेहरा सुजू लागला किंवा श्वास अडकू लागला, तर मात्र सकाळची वाट बघू नका. गोवंडीचं शताब्दी, राजावाडी, शीव, जे जवळ असेल तिथे तडक जा.