बेटांवरचे पाणी आणि पाहुण्यांचा हिशेब

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि देशाच्या नकाशावर एरवी ठिपक्यांइतकीच जागा मिळणारी ही बेटे एकाएकी राष्ट्रीय चर्चेत आली. तेव्हापासून बेटांविषयी जे काही बोलले जाते, त्यात किती खोल्या बांधता येतील, किती विमाने उतरवता येतील आणि मालदीवला जाणारा पर्यटक आपल्याकडे कसा वळवता येईल, हे तीन प्रश्न अग्रभागी असतात. त्यांच्या आधी यायला हवा तो चौथा प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतो. बेटावर पाणी किती आहे आणि त्यातील पाहुण्यांचा वाटा ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

चेन्नईत राहणाऱ्याला हा प्रश्न दूरचा वाटत नाही. सुमारे बाराशे किलोमीटरवरील अंदमानची जहाजे येथील बंदरातून सुटतात आणि लक्षद्वीपला पिण्याचे पाणी पुरवणारे तंत्रज्ञान याच शहरातील पल्लिकरणै येथे असलेल्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने विकसित केले आहे. निवृत्तीनंतरच्या काळात या दोन्ही द्वीपसमूहांत काही दिवस राहण्याचा योग आला. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाची नजर किनाऱ्यापेक्षा विहिरीकडे, धक्क्यावरील मालाकडे आणि कचऱ्याच्या ढिगाकडे अधिक जाते. माझेही तसेच झाले.

अंदमानातील शहीद द्वीप हे लहानसे बेट भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना येथे आणि शेजारच्या स्वराज द्वीपावर जमिनी देऊन वसवण्यात आले. त्यांची नातवंडे आज तेथे शेती करतात, बोटी चालवतात आणि रिसॉर्टमध्ये नोकरीही करतात. सकाळी धक्क्यावर एका बाजूने पर्यटक उतरतात आणि दुसऱ्या बाजूला राजधानीकडे जाणाऱ्या भाजीच्या टोपल्या रचलेल्या असतात. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की एकाच पाण्यावर भाजीचा वाफा, घरचा हंडा आणि पाहुण्यांची न्हाणीघरे, असे तिघे हक्क सांगतात. या तिघांत पैसे मोजण्याची ऐपत कोणाची अधिक, हे सांगायला नको.

या दोन बेटांची जुनी नावे नील आणि हॅवलॉक. ही दोन्ही नावे १८५७ चा उठाव चिरडणाऱ्या इंग्रज सेनानींची. त्यांपैकी नील मद्रास फ्युसिलिअर्सचा अधिकारी होता आणि बनारस व अलाहाबाद येथील त्याच्या क्रौर्यासाठी तो कुख्यात आहे. मद्रासच्या माउंट रोडवर त्याचा पुतळा होता. तो हटवण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह झाला आणि १९३७ मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाच्या काळात तो रस्त्यावरून उचलून वस्तुसंग्रहालयात नेण्यात आला. बेटाचे नाव बदलायला मात्र डिसेंबर २०१८ उजाडावे लागले. नामांतर योग्यच झाले. परंतु ज्या बेटाच्या नावात ‘स्वराज’ आले, तेथील रहिवाशांना आपल्या किनाऱ्याविषयी निर्णय घेण्याचे स्वराज्य कितपत मिळाले, हे तपासल्याखेरीज त्या नामांतराचा अर्थ पूर्ण होत नाही.

लक्षद्वीपची स्थिती अधिक नाजूक आहे. छत्तीसपैकी केवळ दहा बेटांवर वस्ती, एकूण भूभाग सुमारे ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. म्हणजे घनता दर चौरस किलोमीटरला दोन हजारांच्या घरात. येथे ना नदी, ना डोंगर. प्रवाळाच्या सच्छिद्र जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या पातळ थरात तरंगत राहते. उपसा वाढला की तो थर आक्रसतो आणि खालचे खारे पाणी वर चढते. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी होण्यासाठी अनेक पावसाळ्यांची वाट पाहावी लागते.

या अडचणीवर राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने कल्पक उत्तर शोधले. समुद्राच्या पृष्ठभागावरील उबदार पाण्याचे कमी दाबाखाली बाष्प करायचे आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने त्याचे गोड्या पाण्यात रूपांतर करायचे. असा पहिला प्रकल्प २००५ मध्ये कवरत्ती येथे सुरू झाला. त्याची क्षमता रोज एक लाख लिटर. कवरत्तीची लोकसंख्या सुमारे अकरा हजार. म्हणजे माणशी वाटा रोज नऊ लिटरांच्या आसपास, पिण्यापुरता आणि स्वयंपाकापुरता. आता हॉटेलातील एक पाहुणा दिवसाला तीनशे लिटर वापरतो असे गृहीत धरा. त्या एकाच्या वापरात तेहतीस बेटवासीयांचा वाटा जातो आणि शंभर पाहुण्यांत प्रकल्पाच्या उत्पादनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपतो. रिसॉर्टने स्वतःचा प्रकल्प उभारावा, हे उत्तर तयार असते. पण त्याला लागणारी वीज अजून प्रामुख्याने मुख्य भूमीवरून आणलेल्या डिझेलवर अवलंबून आहे. मिनिकॉय, कडमत आणि सुहेली येथील लगूनवरील व्हिलांच्या प्रस्तावांचा विचार करताना हे गणित आधी मांडले गेले पाहिजे.

ज्या मालदीवचे उदाहरण आपण देतो, त्याच्या अनुभवाला दोन बाजू आहेत. तेथे १९७२ पासून ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही पद्धत रुजली. पाहुणा वेगळ्या बेटावर, रहिवासी वेगळ्या बेटावर. पैसा आला, पण तो मोजक्या हातांत राहिला. वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे काढण्याची मोकळीक २००९ नंतर मिळाली आणि तेव्हा कुठे सामान्य कुटुंबांना या व्यवसायात पाय ठेवता आला. दुसरी बाजू पाण्याची. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतील निःक्षारीकरण केंद्राला आग लागली आणि अख्ख्या राजधानीचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवले. पाहुण्यांच्या डॉलरवर उभा असलेला देश एका यंत्रापुढे किती अगतिक होऊ शकतो, हे जगाने पाहिले.

याचा अर्थ बेटे कुलूपबंद करावीत असा नव्हे. बेटांवरील शिकलेल्या मुलांना रोजगार हवा आहे. सरकारी नोकऱ्या मर्यादित आहेत आणि केवळ खोबरे व मासळी यांवर पुढची पिढी थांबणार नाही. पर्यटनाला विरोध हे धोरण होऊ शकत नाही. पण पर्यटनाचे रूप निवडता येते. सिंधुदुर्गात तारकर्ली-देवबाग परिसरात मच्छीमार कुटुंबांनी घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देऊन जो व्यवसाय उभा केला, त्यात जमीन घरातच राहिली. तेथेही अडचणी आहेत, परंतु मालक नोकर झाला नाही.

कायद्याचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटर पट्टा बांधकामाविना ठेवला होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो पन्नास मीटरवर आणि मुख्य भूमीलगतच्या बेटांवर वीस मीटरवर आणला. नियम मोडून उभे राहिलेले बांधकाम हटवणे किती जिकिरीचे असते, ते केरळच्या वेंबनाड सरोवरातील नेडियतुरुत बेटाने दाखवले. तेथील आलिशान रिसॉर्टविरुद्ध मच्छीमारांनी दाद मागितली. उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तो कायम केला आणि प्रत्यक्ष पाडकाम सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. न्याय मिळाला. मात्र तो मिळेपर्यंत मच्छीमारांची किती वर्षे गेली, हे निकालपत्रात मोजले जात नाही.

म्हणून परवानगीचा क्रमच बदलायला हवा. प्रत्येक बेटाचा पाण्याचा ताळेबंद आधी प्रसिद्ध व्हावा आणि पाहुण्यांच्या खाटांची कमाल संख्या त्यावरून ठरावी. हा ताळेबंद स्थानिक भाषेत ग्रामसभेपुढे मांडला जावा आणि तिच्या संमतीवाचून निविदा निघू नये. मालदीव २०१५ पासून पर्यटकांकडून हरित कर घेते. तसा कर आपल्याकडेही असावा, मात्र त्याची रक्कम त्याच बेटाच्या पाणी आणि कचरा व्यवस्थेसाठी राखून ठेवली जावी. जहाजाने येणारे प्लास्टिक जहाजानेच परत जावे. होड्या ओढण्याची आणि मासळी वाळवण्याची जागा नकाशावर आखून ती कोणत्याही भाडेपट्ट्याबाहेर ठेवली जावी.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, प्रचंड निधीही लागत नाही. लागते ती फक्त बेटवासीयाला देखाव्याचा भाग न मानता नागरिक मानण्याची प्रशासकीय सवय. पाहुणा चार दिवसांनी निघून जातो. खारी झालेली विहीर मात्र रहिवाशाच्या अंगणातच राहते.