जुन्या मालमोटारीची कुरकुर

धानाची कापणी आटोपली की बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीच्या परिसरातून पोती लादलेल्या मालमोटारी वारासिवनीच्या वाटेस लागतात. त्यांत जुन्या गाड्याही असतात. आणि अशा एका गाडीवर मालक, चालक व हमाल यांची घरे पोसली जातात. म्हणून तिच्या इंजिनाचा आवाज बदलला, तर तो कान देऊन ऐकावयास हवा.

इंजिनातील पंप चेंबरमधील तेल ओढून गाळणीतून क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत दाबाने पोहोचवितो. तेथे तेलाचा पातळ थर असतो, म्हणूनच धातू धातूस घासत नाही. दाब गेला की तो थर तुटतो आणि थोड्याच वेळात बेअरिंग जळते.

आवाजा-आवाजांत भेद आहे. वरच्या झाकणाखालची हलकी टिकटिक बहुधा टॅपेटची. ती तितकीशी घातक नव्हे. भार पडताच खालून येणारा घणासारखा जड ठोका मुख्य बेअरिंगचा, तर वेग सोडताना होणारी कडक खडखड कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असू शकते. तेलाचा दाब उतरून असा खालचा आवाज आला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये.

मग क्रमाने पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून, थोडे थांबून, पट्टीवर तेलाची पातळी बघावी. तेल वाढलेले, पातळ व डिझेलच्या वासाचे असेल, तर त्यात डिझेल उतरत आहे. दुधाळ असेल, तर पाणी. पातळी ठीक असल्यास मिस्त्रीकडून दुसरे, खात्रीचे गेज लावून दाब मोजून घ्यावा; कित्येकदा दोष काट्याचाच असतो. गरम इंजिनाचा दाब मंद गतीत काहीसा उतरतो, हे स्वाभाविक आहे. वेग वाढवूनही तो चढत नसेल, तर प्रथम तुंबलेली जाळी, नंतर दाब राखणारी झडप, पंप आणि शेवटी बेअरिंगे तपासावीत. काढलेल्या तेलात चकाकणारा चुरा दिसला, तर झीज उघड झाली.

काही जण जाड तेल ओतून ठोका दडपतात आणि गाडी विकून मोकळे होतात. झीज मात्र तशीच राहते. पुढे गाडी बंद पडते ती घेणाऱ्याची, आणि कर्जाचा भार पडतो तो त्याच्या लेकरांवर. वाचकहो, आठवी आज्ञा केवळ न्यायालयातील साक्षीपुरती नाही. दोष सांगून दोन पैसे कमी घ्यावेत. आणि आपण स्वतः जुनी गाडी घेताना ती चांगली गरम होईपर्यंत चालवून, मगच काटा पाहावा व कान लावावा. गरम झाल्यावर जाड तेलही पातळ होते आणि दडलेला ठोका ऐकू येऊ लागतो.