एसी सुरू न होण्याच्या तक्रारीत आधी व्होल्टेज मोजावे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
हिंगोली.

विषय : घरगुती एसी सुरू न होण्याच्या उन्हाळी तक्रारींत मीटरवरील व्होल्टेज रात्रीच्या वेळी मोजून ग्राहकाला लेखी देण्याबाबत.

महोदय,

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की हिंगोली शहरात आणि वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या तालुक्यांच्या गावीही एक तक्रार हमखास ऐकू येते : एसी चालू होत नाही. ‘लाइट आहे ना, मग मेकॅनिकला दाखवा’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हे उत्तर देण्याआधी मीटरवर व्होल्टेज मोजले जावे, आणि तेही एसी ज्या वेळी अडतो त्याच वेळी.

दोष घरातलाही असतो, हे आम्ही नाकारत नाही. रिमोटचे सेल उतरलेले असतात, मोड पंख्यावर राहिलेला असतो, एमसीबी पडलेली असते. लाइट जाऊन आल्यावर कंप्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबतो, तोही बिघाड नव्हे. आतल्या गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. पण उन्हाळ्यातले नेहमीचे लक्षण निराळे आहे. आतला पंखा फिरतो, झडप उघडते, बाहेरच्या युनिटमध्ये काही क्षण घूं असा आवाज येतो, मग टक् होऊन सगळे शांत. याची दोन मुख्य कारणे संभवतात : कपॅसिटर कमजोर झाला असेल किंवा व्होल्टेज पडले असेल. लक्षण एकच असल्याने मेकॅनिक कपॅसिटर बदलून जातो आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. दोन्हींतला फरक ओळखण्याची साधी खूण अशी की, तोच एसी पहाटे पाच वाजता एका झटक्यात सुरू होतो. कमजोर कपॅसिटर घड्याळ पाहून बरा होत नाही. पहाटे बदललेले असते ते व्होल्टेज.

यामागचे गणित सरळ आहे. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीच्या मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर व्होल्टेज साधारण बावीस टक्क्यांनी घटते, पण जोर उरतो जेमतेम ६१ टक्के. तेवढ्यावर कंप्रेसर हलत नाही, नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढत जागेवर अडतो आणि जळू नये म्हणून ओव्हरलोड त्याला तोडतो. इन्व्हर्टर एसी त्याहून शहाणा; तो व्होल्टेज फार उतरले की चालू व्हायलाच नकार देतो. दोन्ही यंत्रे नीट असतात, आणि दुरुस्तीचे बिल मात्र ग्राहक भरतो.

स्टॅबिलायझर घ्या, हा सल्ला सर्रास दिला जातो. एका घरापुरता तो खरा आहे, गल्लीपुरता नाही. १८० चे २३० करताना स्टॅबिलायझर तारेतून निदान सव्वापट करंट ओढतो. त्याने तारेतली घट वाढते आणि शेजाऱ्याचे व्होल्टेज आणखी खाली जाते, मग शेजारीही स्टॅबिलायझर आणतो. डीपीवरचे, म्हणजे गल्लीच्या रोहित्रावरचे, दुखणे असे घरोघर विकत घेऊन भागणारे नाही.

एसी ही चैन आहे, शेतकऱ्याच्या मोटरीला वीज पुरत नसताना हे लाड कशाला, असा आक्षेप येईल. तो रास्त वाटतो, पण दुखणे एकच आहे. हळदीच्या रानात कमी दाबाने जळून रिवाइंडिंगला जाणारी मोटर आणि घरातला अडलेला कंप्रेसर यांचे कारण वेगळे नाही. एसी बसवलेल्या घराच्याच डीपीवर शेजारची बोअरची मोटर असते आणि इन्सुलिन ठेवलेला औषध दुकानाचा फ्रिजही. दुसरा आक्षेप असा की, लोक मंजूर भार एक किलोवॉटचा ठेवून दीड टनाचा एसी लावतात, कुठे आकडेही पडतात. हे खरे आहे, आणि त्याची पाठराखण आम्ही करणार नाही. भारवाढीसाठी मार्चमध्येच वॉर्डनिहाय शिबिरे घ्यावीत; आकडे काढावेत. मात्र वाढीव भाराचे पैसे भरून घेतल्यावर डीपी तीच जुनी ठेवता येणार नाही. निधी नाही, हे तिसरे उत्तर. पहिल्या कामांना तो फारसा लागतही नाही : तिन्ही फेजवर घरांची वाटणी सारखी करणे, सैल न्यूट्रल आवळणे, जळके जंपर बदलणे, सोय असेल त्या रोहित्राचा टॅप बदलणे. न्यूट्रलची हयगय तर जिवावरची आहे. तो तुटला की एका घरात दिवा मिणमिणतो आणि दुसऱ्यात तीनशेच्या वर व्होल्टेज जाऊन टीव्ही-फ्रिज उडतात. नव्या रोहित्रांसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेसारखे मार्ग आहेत, पण त्यासाठी कमी दाबाची नोंद आधी कागदावर हवी.

आणि तीच नोंद होत नाही. तपासणी होते सकाळी अकराला, तेव्हा मीटर २२५ दाखवते आणि तक्रार निकाली निघते. लघुदाब ग्राहकाला ६ टक्क्यांच्या फरकात, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान पुरवठा मिळावा, हा दंडक जुनाच आहे. तो रात्री दहालाही लागू आहे. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५७ मध्ये परवानाधारकाच्या कामगिरीची मानके न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे. पण मोजणीच नसेल तर भरपाई कशाच्या आधारे मागायची? स्मार्ट मीटर व्होल्टेज आपोआप नोंदवते, म्हणजे जिथे ते बसले आहे तिथे पुरावा वीज कंपनीकडेच पडून आहे.

हे निवेदन आपल्याकडे देण्याचे कारण त्याच कायद्याच्या कलम १६६(५) मध्ये आहे. वीजपुरवठ्याच्या दर्जाचा आणि ग्राहकांच्या समाधानाचा आढावा जिल्हा समितीने घ्यावा, असे ते सांगते. समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. कमी दाबाच्या तक्रारीवर संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळेत मीटरवर आणि डीपीच्या तिन्ही फेजवर मोजणी व्हावी, आकडे वेळेसह लिहून ग्राहकाला सहीनिशी प्रत द्यावी, स्मार्ट मीटरमधील नोंद मागताच मिळावी आणि ज्या डीपीवर व्होल्टेज २१६ च्या खाली आढळेल तिची यादी दुरुस्तीच्या तारखेसह उपविभागीय कार्यालयाच्या फलकावर लावावी, असे निर्देश संबंधितांना देण्यात यावेत, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
हिंगोली जिल्ह्यातील घरगुती वीजग्राहक