गाठ काढली, ती तपासली का?



मातीचा नमुना बांधाजवळून घेऊ नका, उकिरड्याखालून घेऊ नका, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. नमुना चुकला की प्रयोगशाळा कितीही नामी असो, अहवाल चुकलाच. आज हेच माणसाच्या अंगातल्या गाठीबद्दल सांगायचे आहे. पिकापाण्याचे सोडून हे काय मध्येच, असे कोणी म्हणेल. पण ज्या यंत्राची गोष्ट आहे त्याचा पिकाशी जुना संबंध आहे.

साध्या सूक्ष्मदर्शकात उजेडाच्या साहाय्याने वस्तू हजार-दीड हजार पट मोठी दिसते. त्यापुढे चित्र फुगते, पण स्पष्ट होत नाही. १९३१ साली बर्लिनमध्ये नोल आणि रुस्का यांनी उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून नवे यंत्र केले. पुढे सुधारत गेलेल्या अशा यंत्रांत वस्तू लाखपटीपर्यंत मोठी आणि स्पष्ट पाहता येऊ लागली. १९३९ साली याच यंत्राने विषाणू प्रथम डोळ्यांना दिसला, आणि तो होता तंबाखूच्या पानावरील मोझॅक रोगाचा!

आता गाठीकडे वळू. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये ठेवतात, तिचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, पातळ काप काढून रंगवतात आणि तज्ज्ञ डॉक्टर ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुतेक गाठींचा निकाल इथेच लागतो. पण काही गाठींतील पेशी इतक्या बिघडलेल्या असतात की त्या मुळात कातडीच्या, स्नायूच्या की आणखी कशाच्या, हे कळत नाही. दोन पानांवरच्या रोपांत ज्वारी कोणती आणि गवत कोणते हे ओळखताना आपलीही अशीच फसगत होते. गाठीत मात्र ते ओळखावेच लागते, कारण उपचार त्यावर ठरतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पेशीच्या आतले सामान दाखवतो. काळ्या रंगाच्या पेशींपासून उठलेला कर्करोग वरून बिनरंगी दिसला, तरी आत रंगाचे विशिष्ट कण सापडतात. स्नायूच्या पेशीत तंतूंची ठरावीक मांडणी असते. कातडीसारख्या अस्तराच्या पेशी एकमेकींना जणू बटणांनी जोडलेल्या असतात. ती बटणे दिसली की गाठीचे कूळ कळते.

पण या यंत्राचे नमुन्याबाबतचे सोवळे फार कडक. तुकडा जेमतेम एक मिलिमीटरचा हवा आणि गाठ निघताच काही मिनिटांत ग्लुटराल्डिहाइड नावाच्या द्रावणात पडायला हवा. पुढे तो राळेसारख्या कठीण पदार्थात बसवून काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा काप घ्यायचा. फॉर्मालिनमधल्या किंवा मेणातल्या तुकड्यावरूनही काम भागवतात, पण चित्र तितके स्वच्छ येत नाही.

आपल्याकडे हे काम मुंबईला परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजले. १९५२ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांच्या सहकारी डॉ. सत्यवती सिरसाट यांनी तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम उभे केले. तोंड आखडत जाण्याच्या रोगासाठी या दोघांनी मिरचीतला तिखट अंश उंदरांच्या टाळूला लावून पाहिला आणि तिथला बदल या यंत्राखाली अभ्यासला. तो निबंध १९६० साली आला. पुढे त्यांनी सुपारीतल्या द्रव्याचाही असाच तपास केला. आज या रोगात मुख्य बोट सुपारीकडे दाखवले जाते. गुटख्याच्या पुड्या खिशात बाळगणाऱ्यांनी हे वाचले तर बरे.

१९८० नंतर प्रतिद्रव्ये वापरून पेशी रंगवण्याची रीत आली. ती स्वस्त, सोपी आणि मेणाच्या ठोकळ्यावर चालणारी. त्यामुळे गाठींसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आता क्वचित लागतो. मूत्रपिंडाच्या आजारात आणि एखाद्या अवघड गाठीत मात्र त्याची अजून आठवण होते.

यंत्र कोणतेही असो, गाठ हाती हवी. पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मांडीवरची लिंबाएवढी गाठ एका खासगी दवाखान्यात काढली. "साधी चरबीची आहे," असे सांगून ती टाकून दिली. वर्षभरात तिथेच पुन्हा गाठ उठली, नारळाएवढी. मोठ्या रुग्णालयात पहिला प्रश्न आला, "आधीच्या गाठीचा अहवाल?" घरचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

म्हणून शस्त्रक्रियेआधीच विचारा, "डॉक्टरसाहेब, गाठ तपासायला कुठे पाठवणार?" नमुना तुमच्या हाती दिला तर पाण्यात घालू नका, पाण्यात मांस कुजते. बरणी रुंद तोंडाची हवी, कारण फॉर्मालिनमध्ये गाठ कडक होते आणि अरुंद तोंडातून बाहेर निघत नाही. फॉर्मालिन गाठीच्या दहापट असावे, वर रुग्णाचे नाव आणि तारीख असावी.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. तिथे जा किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात जा, जुन्या प्रयोगशाळेतून अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही मागून घ्या. नुसत्या कागदावरून पुढची तपासणी होत नाही, ती ठोकळ्यावर होते. आणि उन्हाळ्यात तो ठोकळा गाडीच्या काचेपाशी तापत ठेवू नका. मेणच ते, मऊ पडते.